उपचार करणाऱ्याचं नाव

कर्नल डॉक्टरांची गोष्ट सुरू झाली की वहिनी उठून आत जात आणि घासलेली भांडी पुन्हा घासत. गोष्ट वाईट होती असं नाही. पण एकच गोष्ट एक्कावन्न वर्षं ऐकायची म्हणजे हाताला काहीतरी चाळा लागतोच. कुणाचं लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर एखादं नवं गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला उभं असो, वहिनींचे यजमान, शिंपी मास्तर, गळ्यातला टेप बाजूला सारत, शर्टाची वरची बटणं सोडत आणि डाव्या खांद्यापासून बरगडीपर्यंत उतरलेला व्रण दाखवत. "हे बघा. लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागला होता. खुद्द कर्नल डॉक्टरांनी शिवलंय. मी बेशुद्ध होतो, पण काम बघा ना! एक टाका इकडचा तिकडे नाही. जन्मभर शिवतोय मी, असा हात दुसरा पाहिला नाही."

त्याच खोलीत, दाराजवळच्या खुर्चीत, त्यांची धाकटी बहीण बसलेली असे. ती चहा पीत असे आणि काही बोलत नसे.

आज रविवार होता, घरची पाच माणसं एकत्र बसली होती, आणि तरीही त्या गोष्टीचं नाव कुणी काढत नव्हतं. दुकान बंद होतं. शटर अर्ध्यावर ओढून कटिंगच्या टेबलावरचे तागे, खडू आणि कात्र्या एका बाजूला सारल्या होत्या, कारण सगळ्यांना पुरेल असं टेबल घरात तेवढंच होतं. टेबलाच्या मधोमध पदक मंडळाचं एक पत्र होतं. ते वाऱ्याने उडू नये म्हणून मास्तरांच्या मुलाने त्यावर थंड इस्त्री ठेवली होती.

"मी परत एकदा वाचते," सून म्हणाली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात तिची बावीस वर्षं गेली होती. कागद हातात आला की तिचा आवाजच बदलायचा, एरवीची हसरी पोरगी कुठे जायची कोण जाणे. "'आपल्या सेवापुस्तकातील नोंदीनुसार आपण फिरत्या लष्करी रुग्णालयात धुलाई व दुरुस्ती विभागात होता. शस्त्रक्रिया विभागात काम केल्याच्या आपल्या दाव्यासाठी, प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदाराचे निवेदन सोमवारी कार्यालयीन वेळेत सादर करावे. अन्यथा नोंदीतील दुरुस्ती व रुग्णसेवा पदक, या दोन्हींसाठीचा अर्ज निकाली काढण्यात येईल.' सोमवार म्हणजे उद्या, आत्या."

"उद्याच," आत्याबाई म्हणाल्या. साऱ्या घराच्या त्या आत्या होत्या, मास्तरांची मात्र 'गुंडी' होती. लहानपणी तोंड गोल होतं म्हणून पडलेलं नाव, आता एकाहत्तराव्या वर्षी तोंड सुकून लांब झालं तरी निघालं नव्हतं. "कर्नल डॉक्टर गेले. दोन्ही कंपाउंडर तेव्हाच तापाने गेले. धुलाईत माझ्यासोबत तिघीजणी होत्या, त्यांतली शेवटची दोन वर्षांपूर्वी गेली. राहिला हा."

हा म्हणजे मास्तर. मास्तर सुईत दोरा ओवत होते. शिवायला समोर काही नव्हतं, पण त्यांना रिकाम्या हाताने भांडता येत नसे.

"मी बेशुद्ध होतो," ते म्हणाले. "बेशुद्ध माणूस काय बघणार?"

"दादा."

"आणि मला शिवलं कर्नल डॉक्टरांनी. माझ्या कागदावर त्यांची सही आहे. कागद खोटा?"

"सही त्यांचीच आहे. जे वाचले त्या सगळ्यांच्या कागदावर त्यांचीच सही आहे. माझं नाव कसं घालणार होते ते? मी धुलाईतली."

ही हकीकत घराला कळून जेमतेम वर्ष झालं होतं. त्या हिवाळ्यात दोन्ही कंपाउंडर आजारी पडले तेव्हा कर्नल डॉक्टर रक्ताने माखलेल्या हातांनी तडक दुरुस्तीच्या तंबूत आले होते. तिथे चार मुली फाटके गणवेश शिवत बसल्या होत्या. "तुमच्यात सगळ्यात बारीक टाका कुणाचा?" एवढंच त्यांनी विचारलं. बाकी तिघींनी शिंप्याच्या मुलीकडे बोट दाखवलं. एकोणीस वर्षांची होती ती. त्यानंतर एकेचाळीस दिवस तिने माणसं शिवली, आणि लढाई थांबल्यावर पुन्हा शर्ट शिवायला बसली. पन्नास वर्षं हे तिने पोटात ठेवलं आणि मागच्या वर्षी अचानक अर्ज केला. का केला, ते मात्र कुणाला नीट सांगितलं नव्हतं. घराने आपापल्या मनाने ठरवून टाकलं होतं की म्हातारपणी आत्याला पदकाची हौस आली.

"आत्या, राग मानू नकोस," मुलगा म्हणाला. दुकानाची पाटी बदलण्यावरून बापलेकांचं चार महिने बिनसलं होतं आणि जेवताना मीठसुद्धा ते वहिनींच्या मार्फत मागत होते. पण बापावर कुणी चालून आलं की लेकाला लगेच उमाळा येई. "बाबांच्या पदकाच्या वेळी त्यांनी शपथेवर लिहून दिलंय, मी बेशुद्ध होतो, शस्त्रक्रिया कर्नल डॉक्टरांनी केली. आता उलट लिहून दिलं तर मंडळवाले विचारतील, तेव्हा खोटं बोललात की आता? तुझं पदक राहील बाजूला आणि त्यांचं जाईल. शिवाय ते." त्याने भिंतीकडे मान केली. तिथे काचेत पदक होतं आणि शेजारी वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण: कर्नलच्या टाक्यांनी तारलेला शिंपी.

"पदक कुणाला हवंय?" आत्याबाई म्हणाल्या.

"तू अर्जात लिहिलंयस."

"फॉर्मच एक आहे. नोंद आणि पदक एकाच कागदावर. मी पदकासमोर खूण केली नव्हती, हिने केली."

"रकाना कोरा ठेवला तर फॉर्म परत येतो," सून म्हणाली. "मी काय करू?"

मास्तरांनी दोरा ओवला, ओढून काढला आणि पुन्हा ओवायला घेतला. "एवढी वर्षं बरं चाललं होतं," ते पुटपुटले. "आता कशाला उकरून काढायचं?"

वहिनींचं आणि आत्याबाईंचं फार गूळपीठ कधीच नव्हतं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी केलेली काजं ही नणंद मुकाट्याने उसवायची आणि मुकाट्याने पुन्हा करायची, ते त्या विसरल्या नव्हत्या. शब्दाने लागलं असतं तर शब्दाने उत्तर देता आलं असतं. उसवलेल्या काजाला काय उत्तर देणार? त्यामुळे घरात दोन बाजू पडल्या की वहिनी नवऱ्याच्या बाजूला असत, निदान तोंडाने तरी. पण आज समोर बसलेल्या त्या सुकलेल्या बाईने हात टेबलावर उपडे ठेवले होते, मापाला आलेल्या मुलासारखे, आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. वहिनींना एकदम फार वाईट वाटलं. बाजू बदलायला माणसाला कधी कधी एवढंही पुरतं.

"अहो, शर्ट काढा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एरवी परक्यांपुढे काढता. आज घरच्यांपुढे काढा."

"अगं, थंडी आहे."

"काढा म्हणते ना."

मास्तरांनी बटणं सोडली. पंच्याहत्तर वर्षांचा खांदा उघडा पडला. सगळ्यांनी हजारदा पाहिलेला, आणि म्हणूनच कधीच न पाहिलेला तो व्रण वहिनींनी बोटाने खालपर्यंत नेला आणि मुलाला जवळ बोलावलं.

"हे टोक बघ. टाके कसे संपतात?"

मुलगा वाकला. "सरळ येतात. मग दोन उलटे. मग..." तो थांबला.

"मग?"

"मग एक आडवा."

"तू रोज करतोस तो. तुझ्या आजोबांचा टाका. गाठ मारायची नाही, दोन उलटे आणि एक आडवा, म्हणजे जन्मात उसवत नाही. हा टाका ह्या दुकानाबाहेर कुणी मारत नाही. कर्नल डॉक्टर आपल्याकडे कधी शिकायला होते ते मला तरी आठवत नाही."

सून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मुलगा अजून वाकलेलाच होता. त्याने बोटाने तो आडवा ठिपका चाचपला, आपणच केलेलं काम तपासावं तसा.

"तुला कधी कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात. मी इथे काजं करायलाच आले होते, विसरलात? मामंजींनी मलाही तोच टाका शिकवला होता."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बहीणभाऊ. मध्ये मी कशाला नाक खुपसू? सुरुवातीला राग यायचा. मग वाटलं, हा माणूस दर रविवारी, चारचौघांत, वन्संच्या तोंडावर वन्संच्या हाताचं कौतुक करतोय. नाव दुसऱ्याचं घेत असेल, पण ऐकायला त्यांनाच मिळतंय ना. म्हटलं, असू दे."

आत्याबाईंनी मान वर केली. "मग मी कशाला येत होते दर रविवारी?" त्या म्हणाल्या. "चहा तर तुमचा पाणचट असतो, वहिनी."

मास्तरांचे कान लाल झाले. म्हाताऱ्या माणसाला लाजताना पाहायची वेळ घरावर क्वचितच येते, त्यामुळे सगळे जरा इकडेतिकडे बघायला लागले. मास्तरांनी शर्ट खांद्यावर ओढला, बटणं तशीच राहिली.

"ही म्हणाली होती मला, कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "परवानगीशिवाय माणूस शिवला म्हणून हिला शिक्षा झाली असती आणि डॉक्टरांनाही. म्हणून मी म्हणायला लागलो, कर्नलनी शिवलं. शपथेवरही तेच लिहिलं. मग लोक म्हणायला लागले, वा वा, खुद्द कर्नल! खोटं कशाला बोलू, गोड लागायला लागलं. पुढे तर मला स्वतःलाच खरं वाटायचं." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "लिही. टाके माझ्या बहिणीचे. माझं पदक घ्यायचं असेल तर घेऊन जा म्हणावं."

मुलाने भिंतीवरच्या काचेकडे पाहिलं.

सुनेने पेन उचललं, पण टेकवलं नाही. "बाबा, एवढ्याने भागणार नाही. टाक्यावरून ओळखलं, हा झाला अंदाज. त्यांना बघितलेला माणूस हवाय. तुम्ही शुद्धीवर होता का?"

"नाही."

"थोडेसेही नाही? आत्यांना काम करताना, कुणाजवळ बसलेलं, काहीच बघितलं नाहीत?"

"नाही म्हटलं ना!"

वहिनींच्या लक्षात आलं की हे खोटं आहे. मास्तर खोटं बोलताना समोरच्याच्या कपड्यांकडे बघत, आत्ता ते सुनेच्या कॉलरकडे बघत होते. पण आता कशासाठी? गोष्ट सोडली, पदकावर पाणी सोडलं, मग एवढंसं कशाला धरून ठेवायचं? एक्कावन्न वर्षं अंतर्बाह्य ओळखलेला माणूस असा एखाद्या ठिकाणी अडला की बायकोला भीती वाटते. वहिनींना वाटली.

"दादा," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "तू खरंच बेशुद्ध असशील तर माझं काही म्हणणं नाही. पण असशील जागा, तर सांग. माझ्यासाठी नको सांगूस."

"मग कुणासाठी?"

आणि मग पहिल्यांदाच आत्याबाईंनी ते सांगितलं.

एकेचाळीस दिवसांत त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकतीस जण वाचले नाहीत. वाचलेल्यांच्या कागदावर कर्नल डॉक्टर सही करत. गेलेल्यांना त्यांनी पाहिलेलंच नसे, ते दुसऱ्या टेबलावर उभे असत. त्यामुळे त्या एकतीस कागदांवर 'उपचार करणाऱ्याचं नाव' हा रकाना कोरा राहिला.

"आणि कोरा रकाना कारकून सोडत नाही," सून म्हणाली. तिचा कार्यालयातला आवाज गेला होता. "काहीतरी भरतोच. आम्हीपण भरतो."

"भरलं ना. 'उपचारापूर्वी मृत्यू.' एकतीसच्या एकतीस. तेच त्यांच्या घरी गेलं." आत्याबाई टेबलावरचा खडू फिरवत होत्या. "मला काय माहीत? मला वाटायचं, झालं ते झालं. मागच्या वर्षी लढाईच्या स्मारकापाशी गेले होते, तिथे एक बाई भेटली. भूगोल शिकवते शाळेत. वडिलांचा कागद घेऊन उभी होती. खाट क्रमांक सतरा. मी म्हटलं, अगं, मी होते त्यांच्यापाशी, मी शिवलं त्यांना. तिने माझं नाव विचारलं, रुग्णालयातल्या माणसांची यादी उघडली, बोट फिरवत खाली आली, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली, 'मावशी, तुम्ही कपडे धूत होतात ना?' चिडली असती तरी चाललं असतं मला. तिला वाटलं, म्हातारी तिचं समाधान करायला बोलतेय." त्यांनी खडू ठेवला. "एकतीस घरांत लोक समजतायत की त्यांचा माणूस चिखलात पडून, कुणी हात न लावता गेला. माझी नोंद बदलली तर ते सगळे कागद पुन्हा उघडतील. म्हणून अर्ज केला. पदक घेऊन काय करू, चहात बुडवू?"

कुणी हसलं नाही. मुलगा हळूच बापाच्या शेजारून उठला आणि आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"सतरा," मास्तर म्हणाले.

"हो. तू अठरा होतास."

तेवढ्यात आत्याबाईंचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'सतरा नंबरची मुलगी'. आत्याबाईंनी फोनकडे पाहिलं आणि उचलला नाही. "आज कळवते म्हटलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "काय कळवू?" फोन वाजत राहिला आणि टेबलावरच्या टाचण्या त्याच्याबरोबर थरथरत राहिल्या.

मास्तरांनी हात लांब करून तो उचलला. त्यांना कमी ऐकू येई म्हणून सुनेने झटकन बटण दाबलं आणि आवाज खोलीभर झाला.

"मावशी?"

"मावशी नाही. मी तिचा भाऊ बोलतोय. शिंपी आहे मी. खाट अठरा."

"म्हणजे... शेजारची?"

"शेजारची. मध्ये एक हात अंतर असेल. बाई, तुमच्या वडिलांना मी पाहिलंय. मी जागा होतो."

आत्याबाईंनी वहिनींचा हात धरला. अख्ख्या आयुष्यात त्यांनी तो असा कधी धरला नव्हता. बोटं गार पडली होती, वहिनींनी आपला दुसरा हात वर ठेवला.

"त्यांना पोटात लागलं होतं," मास्तर सांगत होते, डोळे टेबलावर. "माझ्या बहिणीने शिवलं. चांगलं शिवलं, पण आत फार झालं होतं. मग ती त्यांच्यापाशी बसली. ते सारखं विचारत होते, उजाडलं का? ही म्हणायची, उजाडतंय. परत विचारायचे. ही परत म्हणायची. एकदाही कंटाळली नाही. मध्येच ते म्हणाले, घरी एक पोरगी आहे, बूट घालूनच झोपते, काढायला गेलं की रडते, म्हणून ती झोपल्यावर काढावे लागतात."

पलीकडून आवाज आला. तो शब्द नव्हता.

"तुम्हीच का त्या?" मास्तरांनी विचारलं.

"मीच."

"हं. तुमचंच बोलत होते. उजाडल्यावर गेले. हात बहिणीच्या हातात होता. एकटे नव्हते, बाई. ते कागदावरचं सगळं चूक आहे."

सून लिहीत होती. तिने कधी लिहायला सुरुवात केली हे कुणी पाहिलं नव्हतं.

"एक विचारू?" त्या बाई म्हणाल्या. "वेड्यासारखं वाटेल. त्यांना थंडी वाजत होती का हो? आई शेवटपर्यंत हिवाळ्यात दुसरं पांघरूण घ्यायची नाही. आम्ही घातलं तरी काढायची. म्हणायची, तो उघड्यावर गेला, मी दोन कशी घेऊ?"

मास्तरांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, आणि तिच्या कपड्यांकडे नाही, थेट डोळ्यांत पाहिलं.

"नाही वाजली," ते म्हणाले. "त्यांच्या अंगावर दोन होती. एक त्यांचं आणि एक माझं. तंबूत जास्तीचं नव्हतं. बहिणीने माझ्या अंगावरचं काढलं आणि त्यांना घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. ते उबेत होते, बाई. आईंना कळायला हवं होतं हे."

फोन कसा संपला ते वहिनींना पुढे नीट आठवेना. त्या बाई रडत होत्या, पुन्हा फोन करते म्हणाल्या, उद्या मीही मंडळात येते म्हणाल्या. मास्तरांनी फोन ठेवला आणि सुई शोधू लागले. सुई त्यांच्याच शर्टाला टोचलेली होती.

"जागा होतास," आत्याबाई म्हणाल्या.

"थंडी वाजत होती. झोप कशी लागणार?"

"मला वाटलं तू शुद्धीत नाहीस. म्हणून घेतलं रे. तुला कळणार नाही असं वाटलं. इतकं रक्त गेलं होतं तुझं. काही झालं असतं तर? एक शब्द का नाही बोललास?"

"बोललो असतो तर त्याचं काढून मला घातलं असतंस."

"घातलं असतं!"

"म्हणून नाही बोललो. डोळे मिटून पडलो."

"आणि नंतर? बावन्न वर्षं?"

"नंतर काय सांगणार? भावाच्या अंगावरचं पांघरूण काढलंस, हे मी तुला ऐकवायचं? जागा होतो म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस. त्यापेक्षा बेशुद्ध बरा."

आत्याबाई रडल्या. लहान मुलीसारख्या, तोंड न झाकता रडल्या, आणि मास्तर उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना बहिणीच्या पाठीवर हात कसा ठेवायचा ते सुचेना, म्हणून त्यांनी तिच्या कोटाची कॉलर नीट केली, मग पुन्हा नीट केली. वहिनींना आपल्या नवऱ्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की त्यांना त्याचा रागच आला. बावन्न वर्षं हा माणूस व्रण दाखवत हिंडला आणि दाखवायची गोष्ट तेवढी लपवून बसला.

"बाबा," सुनेने चष्मा पुसत विचारलं, "निवेदनात सगळं आलंय. पांघरुणाचं लिहू की गाळू? ते काही उपचारात बसत नाही."

"बसतं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि ताठ बसल्या. "पहिलं तेच लिही. आणि सतराच्या कागदावर, उपचार करणाऱ्याचं नाव आहे ना, तिथे दोघांची नावं घालायला सांग. माझं आणि ह्याचं."

"माझं कशाला?" मास्तर म्हणाले. "मी नुसता पडून होतो."

"लिही गं."

सून अडखळली. "आत्या, तिथे एकाच नावाची जागा असते. एवढासा रकाना आहे."

वहिनींनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि कागद सुनेपुढे सरकवला.

"मग बारीक अक्षरात लिही," त्या म्हणाल्या.